सात तारांचं व्हायोलिन आणि कपाटावरची गिटार

ध्वनिवर्धक नव्हते त्या काळात म्हैसूरच्या टी. चौडय्यांनी आपल्या व्हायोलिनला तीन जादा तारा लावल्या आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला. आज घरातल्या गिटारचा आवाज ‘बसला’ म्हणून नवी गिटार घ्यायला निघण्यापूर्वी ही हकिकत वाचायला हवी!

१९२७ च्या आसपासची म्हैसूरची एखादी कच्चेरी डोळ्यांसमोर आणा. कच्चेरी म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल. देवळाचा सभामंडप, नाहीतर एखाद्या लग्नाचा मांडव. समोर शेकडो माणसं दाटीवाटीनं बसलेली. मधोमध गायक, त्याच्या एका बाजूला व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला मृदंग. आणि मायक्रोफोन? तो अजून यायचा होता. गायकाचा गळा खणखणीत असला तर आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मृदंगाची थाप तर जायचीच. पंचाईत व्हायची ती व्हायोलिनवाल्याची. पुढच्या चार-पाच रांगा तृप्त व्हायच्या. मागे बसलेल्यांना मात्र वर-खाली होणारा गज तेवढा दिसायचा.

आपल्याकडे गाण्याच्या साथीला जशी पेटी, तसं तिकडे व्हायोलिन. पण त्याची जबाबदारी मोठी. गायकाच्या प्रत्येक आलापाची सावली धरायची, आणि तो थांबला की तोच राग आपल्या वाद्यावर मांडून दाखवायचा. मैफलीतला निम्मा आनंद या देवाणघेवाणीत असतो. ती अर्ध्या मंडपाला ऐकूच जात नसेल तर वादकानं करायचं काय?

म्हैसूरच्या एका तिशीतल्या वादकाला ही गोष्ट फार सलत होती. टी. चौडय्या त्यांचं नाव. त्यांनी काढलेला तोडगा ऐकायला अगदी सोपा आहे. व्हायोलिनला तारा असतात चार. त्यांनी त्या सात केल्या.

संगमावरचं गाव

नावातला ‘टी’ म्हणजे तिरुमकूडलु. म्हैसूरपासून तासाभराच्या वाटेवर तिरुमकूडलु नरसीपूर हे गाव आहे. कावेरी आणि कपिला नद्यांचा तिथं संगम होतो. चौडय्यांचा जन्म तिथला, १८९५ चा. १९१० मध्ये ते म्हैसूरला बिडारम कृष्णप्पांकडे शिकायला आले. कृष्णप्पा स्वतः गायक, दरबारात मान असलेले आणि शिस्तीला कडक. त्यामुळे चौडय्यांच्या हातात व्हायोलिन आलं तरी कानावर संस्कार झाले ते गाण्याचे. वाद्य गळ्यासारखं वाजलं पाहिजे, ही जिद्द तिथूनच आली असावी.

त्या वेळचं म्हैसूरही संगीतात न्हालेलं होतं. महाराज चौथे कृष्णराज वडियार स्वतः वीणा वाजवत, तसंच पियानो आणि व्हायोलिनही. दरबारात आपल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचंही येणं-जाणं होतं. मिरजेहून निघालेली किराणा घराण्याची गायकी दसऱ्याच्या दरबारात दाद घेत होती. अशा शहरात वाद्यावर प्रयोग करायचा म्हणजे ऐकणारे कानही तितकेच तयार होते. चूक खपून जायची शक्यता कमी!

तीन तारा वाढवणं म्हणजे तीन खिळे ठोकणं नव्हे. व्हायोलिनच्या डोक्याशी जागा असते चारच खुंट्यांची. ज्या लाकडी घोडीवर तारा टेकतात तिला खाचा चारच. चार तारांचाच ताण वीस-बावीस किलोंच्या घरात जातो आणि तो सगळा जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडी पापुद्र्यावर पडतो. त्यात भर घालायची म्हणजे वाद्य फुटण्याची भीती. शिवाय बोटांचं काय? जोडतार लावली की एका बोटानं दोन तारा एकदम, आणि दोन्ही सारख्याच सुरेल, दाबाव्या लागतात. गजही दोन्हींवर सारख्या दाबानं फिरला पाहिजे. चार तारांवर वर्षानुवर्षं घोटलेला हात पुन्हा पहिल्यापासून घडवायचा!

चौडय्यांनी तो घडवला. कर्नाटकात आजही सांगतात, की हा सगळा उद्योग त्यांनी आधी गुरूंना न सांगताच केला. गुरूची परवानगी न घेता वाद्याला हात लावणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. पण कृष्णप्पांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट त्यांना ते पसंत पडलं, असंही सांगतात. पुढे चौडय्यांनी एकोणीस तारांचं व्हायोलिनसुद्धा केलं. त्यात आपल्या सतारीच्या तरफांसारख्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा होत्या. गाजलं मात्र सात तारांचंच.

दोन तारा म्हणजे दुप्पट आवाज?

तसं नाही, आणि इथंच खरी गंमत आहे. आपला कान मोठा विचित्र हिशेबनीस आहे. दहा व्हायोलिनं एकदम वाजली तरी ती कानाला एकाच्या साधारण दुप्पट मोठी वाटतात, दहापट नव्हे. मग तीन तारा वाढवून काय साधलं? साधला तो भरीवपणा. सोबतच्या तारेमुळे सुरात जास्त उपस्वर मिसळतात, आणि असा गर्दीतून वाट काढणारा भरलेला सूर कानाला जवळचा, मोठा वाटतो. तंबोऱ्याची जोडी ऐकणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

चेंबै वैद्यनाथ भागवतर यांच्यासारख्या बुलंद गळ्याच्या गायकाबरोबर चौडय्यांची जोडी जमली, ती उगीच नव्हे. अरियकुडी रामानुज अय्यंगार आणि इतर बड्या गायकांनाही त्यांनी साथ केली. १९५७ मध्ये मद्रासच्या म्युझिक अ‍ॅकॅडमीनं त्यांना ‘संगीत कलानिधी’ केलं. एका साथीदारासाठी हा मान मोठा होता.

सगळ्यांनाच हे वाद्य आवडलं असं मात्र नाही. चार तारांचा एकेरी, कोरीव सूर ज्यांना प्रिय, त्यांना सात तारांचा आवाज जाडाभरडा वाटायचा. त्या तक्रारीतही तथ्य होतं. जोडतारेनं भरीवपणा मिळतो, पण काठ थोडे पुसट होतात. चौडय्यांनी हा सौदा समजून-उमजून केला. त्यांना मागची रांग हवी होती.

मग मायक्रोफोन आला आणि ती अडचणच संपली. चौडय्यांचे शिष्य आर. आर. केशवमूर्ती यांनी सात तारांचं व्हायोलिन पुढे वाजवलं, तरी सार्वत्रिक असं ते झालं नाही. १९६७ मध्ये चौडय्या गेले. बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात त्यांच्या नावाचं सभागृह १९८० मध्ये उभं राहिलं. त्या इमारतीचा आकारच व्हायोलिनचा आहे, आणि तिच्यावरच्या तारा मोजल्या तर सात भरतात. आत मैफल चालते ती ध्वनिवर्धकावर, आणि व्यासपीठावरच्या व्हायोलिनला तारा बहुतेक वेळा चारच असतात.

गिटारचा आवाज ‘बसतो’ तो कुठे?

चौडय्यांपुढचा पेच आज वेगळ्या रूपात घरोघरी येतो. दहावीच्या सुट्टीत हट्ट करून घेतलेली गिटार वर्षभर वाजते, मग कॉलेज, क्लास, परीक्षा आणि ती कपाटावर जाते. दोन-चार वर्षांनी धाकटी बहीण ती खाली काढते. झंकार कुठे गेला? नुसता थप्प असा आवाज! घरात निष्कर्ष निघतो, ‘लाकूडच खराब झालं, नवी घ्यायला हवी.’

बहुतेक वेळा लाकडाला काहीही झालेलं नसतं. उलट त्या लाकडाचं म्हैसूरशी नातं असण्याची शक्यता आहे. आपल्या आजीचे पाट, झोपाळे ज्या शिसवीचे असायचे, तीच शिसवी म्हैसूर भागातल्या जंगलांत वाढते. म्हैसूरचे कारागीर तिच्यात जडावकाम करतात, तेही प्रसिद्ध आहे. ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन या नामांकित गिटार कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसवीकडे मोर्चा वळवला. तेव्हापासून जगभरच्या चांगल्या गिटारींची पाठ, कड आणि तारांखालची पट्टी या लाकडाची होऊ लागली.

तेव्हा आवाज कुठून येतो हे आधी पाहू. नुसती तार हवा फारशी हलवत नाही. तिचं कंपन पोटावरच्या लाकडी ब्रिजमध्ये बसवलेल्या पांढऱ्या पट्टीतून, म्हणजे सॅडलमधून, वरच्या पातळ फळीत उतरतं. फळी थरथरते आणि आवाज होतो. तार हा उगम, सॅडल ही वाट आणि फळी हा कर्णा. कर्णा बदलता येत नाही. फळी प्लायवूडची असेल तर कितीही खर्च केला तरी ती अखंड लाकडासारखी बोलणार नाही. हे दुकानदार सांगेलच असं नाही, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं. उगम आणि वाट मात्र काही शे रुपयांत सुधारता येतात.

सगळ्यांत मोठा फरक तारांनी पडतो. गिटारच्या जाड तारांवर पितळी किंवा काशाच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. त्या वेटोळ्यांत बोटांचा घाम, मीठ, धूळ साचते. तार जड होते, तीही सगळीकडे सारखी नाही. मग उपस्वर मरतात आणि वरच्या पडद्यांवर सूरही चुकायला लागतो. किनाऱ्यावरच्या मुंबई-रत्नागिरीत हे लवकर होतं, म्हैसूरच्या कोरड्या-सौम्य हवेत जरा उशिरा. रोज वाजवणाऱ्यानं दोन-तीन महिन्यांनी संच बदलावा. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानं तारा पुसण्याची सवय लावली तर हे दिवस सहज वाढतात. वर पातळ लेप दिलेल्या तारा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आल्या आहेत. त्या महाग, पण घामट हाताच्या माणसाला शेवटी परवडतात.

दुकानात विचारतील, ‘ब्राँझ की फॉस्फर ब्राँझ?’ पहिलीत ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्त असतं; नाव ब्राँझ असलं तरी ते खरं तर पितळच! तिचा आवाज चकचकीत असतो आणि ती लवकर मळते. दुसरीत तांबं, कथील आणि किंचित फॉस्फरस. १९७० च्या दशकात आलेली ही तार उबदार बोलते, टिकतेही जास्त. गिटार मुळात कर्कश असेल तर दुसरी घ्यावी, घुमी असेल तर पहिली.

जाडीचा विचार त्याहून महत्त्वाचा. पहिल्या तारेच्या जाडीवरून संच ओळखतात. ‘बारा’चा संच म्हणजे पहिली तार इंचाच्या बारा हजारांश भागाएवढी. पूर्ण लांबीच्या गिटारवर अशा सहा तारांचा एकत्र ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो. ‘दहा’चा साठच्या आसपास राहतो. जाड तार जास्त जोरानं बोलते, हे खरं. पण नवशिक्याची बोटं तिच्यावर सोलून निघतात आणि स्वस्त गिटारचा ब्रिज उखडायला लागतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्डाचा कोपरा सरकत असेल तर जाड तारांचा विचार सोडून आधी कारागिराकडे जावं. सहा तारांच्या गिटारवर चौडय्यांसारख्या जादा तारा लावायचा मोह झाला तर तोही आवरावा. बारा तारांची गिटार स्वतंत्र मिळते, तिचं अंग त्या ताणासाठी आतून बळकट केलेलं असतं. पंडित विश्वमोहन भट्टांनी गिटारला वीसच्या घरात तारा लावून मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं, पण त्यांनीही वाद्याची रचनाच बदलून घेतली होती.

एक धोक्याची सूचना. काही गिटारींच्या तीन बारीक तारा मासे पकडायच्या दोरीसारख्या नायलॉनच्या असतात आणि त्या ब्रिजवर गाठ मारून बांधलेल्या असतात. या गिटारला पोलादी तारा कधीही लावू नयेत. ती जेमतेम चाळीस किलोंच्या ताणासाठी केलेली असते. पोलादी तारांनी तिची मान वाकते, पोट फुगतं, आणि मग नवी गिटार खरोखरच घ्यावी लागते.

हाडाची पट्टी, पेन्सिलीचं टोक

तारांनंतर सॅडल. स्वस्त गिटारमध्ये ही पट्टी प्लॅस्टिकची, पुष्कळदा आतून पोकळ असते. पोकळ वाटेनं कंपन कसं जाणार? तिच्या जागी हाडाची भरीव पट्टी बसवली तर सूर स्वच्छ होतो. घरात हाड नको असेल तर त्याच गुणाची कृत्रिम पट्टीही मिळते. पट्टी खाचेत घट्ट बसली पाहिजे आणि तिचा तळ सपाट हवा. तळाशी फट राहिली तर हस्तिदंताची लावूनही उपयोग नाही. मिरजेतले तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा घोडीच्या माथ्यावर कानस किती हलक्या हातानं फिरते, ते पाहिलेल्याला इथं केसभर फरकानं काय होतं हे पटेल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांमुळे.

तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर बोटं दुखतात, आणि मुलं गिटार सोडतात ती बहुधा इथंच. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर एवढी फट पुरते. ती एक मिलिमीटरनं कमी करायची असेल तर सॅडलचा तळ दोन मिलिमीटर घासावा लागतो. घासताना थांबून थांबून पाहावं. घासलेलं परत येत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा आपोआप थोड्या वर येतात, म्हणून हे काम श्रावणात करू नये. मानेतल्या लोखंडी सळईला पाना लावायचा असेल तर तो जाणकारालाच लावू द्यावा. तीही एका वेळी पाव फेराच फिरवतात.

सूर लावताना तार ‘टक्’ करून उडी मारत असेल तर दोष खुंटीचा असेलच असं नाही. डोक्याजवळच्या पट्टीच्या, म्हणजे नटच्या, खाचेत तार अडकत असते. तिथं मऊ पेन्सिलीचं टोक घासलं की शिसं वंगणाचं काम करतं. खर्च शून्य! खुंट्यांचे दाते झिजले असतील तर मात्र त्या बदलाव्यात. आवाज वाढत नाही, पण सूर टिकतो. आणि ब्रिजवर तारा अडकवायच्या पितळी खिट्यांची जाहिरात जेवढी मोठी, तेवढा फरक कानाला जाणवत नाही. ते पैसे चांगल्या तारांवर खर्च करावेत.

नवा संच चढवताना सगळ्या तारा एकदम काढू नयेत. एक काढावी, तिच्या जागी दुसरी लावावी. मानेवरचा ताण एकदम सुटत नाही. खुंटीला दोन-तीन वेढे पुरे. तार चढली की बोटानं हलकेच ओढून ताणावी, पुन्हा सुरात आणावी, असं चार-पाच वेळा. तरीही पहिले दोन दिवस ती उतरत राहणारच, म्हणून क्लासच्या आदल्या रात्री तारा बदलू नयेत. जादा टोकं पक्कडीनं खुंटीलगत कापावीत आणि जुन्या तारांबरोबर कागदात गुंडाळून मगच केरात टाकावीत. ती टोकं सुईसारखी टोचतात.